फू हाओच्या थडग्यापाशी

आजचा अख्खा दिवस चीनमधल्या आन्यांगच्या यिनशूमध्ये गेला. शांग राजांची ही शेवटची राजधानी, इ.स.पूर्व १२५०च्या आसपासची. कौल लावायची कवचं अगदी काचेला नाक लावून पाहिली. कासवाच्या पोटाकडच्या कवचाला आतून ओळीने खळगे कोरायचे, तिथे चटका द्यायचा, की दुसऱ्या बाजूला बारीक तडा जातो. त्यावरून राजा भाकीत सांगायचा आणि प्रश्न शेजारीच कोरला जायचा. पाऊस पडेल का, पीक येईल का, अगदी राजाची दाढ का दुखतेय, तेही!

वू दिंग राजाची राणी फू हाओ स्वतः फौज घेऊन लढायची. १९७६ मध्ये तिचं थडगं सापडलं, चोरांचा हात न लागलेलं. नुसती काशाची भांडी-हत्यारंच दीड टनाच्या वर! तिच्यासोबत माणसंही पुरली होती, हे वाचून पोटात कालवलं.

पण मनातून जात नाहीये तो तिच्या बाळंतपणाचा कौल. कोणत्या दिवशी मूल झालं तर शुभ, हे राजाने आधी सांगितलं. पुढे कोरलंय: एकतीस दिवसांनी बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली.

हजारोंची फौज चालवणाऱ्या बाईच्या लेकीबद्दल हे! इतका राग आला की हॉटेलवर येऊन आधी लेकीला फोन केला.