उसनी गेलेली पुस्तकं

मंगळवार, २१ एप्रिल, नौपाडा, ठाणे

सकाळी नऊलाच अंगाची चिकचिक. भाची काल डोंबिवलीहून राहायला आलीय. दहावीची परीक्षा झाली, निकालाला अजून अवकाश. चहा पिताना म्हणाली, “मावशी, तुझी सगळ्यात आवडती कादंबरी दे ना वाचायला.”

एवढं साधं मागणं, आणि मी कपाट उघडून नुसती उभी. ‘बनगरवाडी’ नाही. ‘धग’ नाही. ‘रणांगण’ होतं तिथे फट, आणि शेजारची दोन पुस्तकं तिच्यात कलंडलेली. जे आवडलं ते मी आजवर कुणाच्या ना कुणाच्या हातात कोंबलंय, “वाचच” म्हणून. त्यामुळे कपाटात उरलंय ते बहुतेक मला न आवडलेलं. कुणाला काय दिलं ते लिहायला एक वही केली होती. ती आहे अजून. तिच्यात दुधाचा हिशोब आहे.

‘कोसला’ तेवढी सापडली. उघडली तर पहिल्या पानावर हिरव्या शाईत मैत्रिणीचं नाव, खाली १९९४. म्हणजे हीसुद्धा माझी नव्हे! मैत्रीण हल्ली वाशीला असते. लाज सोडून मेसेज केला, ‘तुझी कोसला माझ्याकडे आहे गं.’ दोन मिनिटांत उत्तर, ‘माहितीय. तुझी धग माझ्याकडे आहे.’ मग कितीतरी वेळ आम्ही दोघी ‘धग’च्या नायिकेबद्दल, कौतिकबद्दलच लिहीत बसलो. शेळक्यांनी त्या बाईला संसारात जे जे सोसायला लावलंय, ते तिच्या वऱ्हाडी बोलीतच वाचावं, असं आमचं तेव्हाही मत होतं. पुस्तकं परत करायचा विषय दोघींनीही काढला नाही.

भाचीला ‘कोसला’ द्यावी का? नेमाड्यांची ती १९६३ साली आली तेव्हा ते स्वतः जेमतेम पंचविशीत होते. मी वाचली हॉस्टेलवर असताना, आणि पुढे दोन महिने प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालून बोलत होते. घरच्यांचा पार जीव नकोसा केला होता. बहीण ते विसरलेली नाही. राहू दे दोन वर्षं.

ऊन चढायच्या आत दोघी स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन आलो. वि. ल. भावे वगैरे मंडळींनी १८९३ साली सुरू केलेलं, हे तिला रस्त्यात सांगितलं. तिने “बापरे” म्हटलं आणि उसाचा रस मागितला.

ही पोरगी पुस्तक हातावर तोलून बघते, कलिंगड बघतात तसं. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या बाजूला सारल्या. मी ‘बनगरवाडी’ पुढे केली, तर “एवढीच?” एवढीच. माडगूळकरांनी १९५५ मध्ये एवढ्याशा पुस्तकात अख्खी धनगरांची वाडी बसवली. तिथे शाळा चालवायला गेलेला तो मास्तर हिच्यापेक्षा फार मोठा नाही, हेच मला हवं होतं. आपल्याला आवडलेली कादंबरी दुसऱ्याला देणं म्हणजे आपल्या मापाचा ब्लाउज देण्यासारखं आहे, हे मला पन्नाशीत कळतंय. ‘वाचच’ म्हणून दिलेली निम्मी पुस्तकं लोकांनी उघडलीही नसतील.

मी स्वतःसाठी ‘रणांगण’च पुन्हा घेतलं. मे महिन्यात दिव्याहून सावंतवाडी गाडीने गावी जायचंय, दिवसभराचा प्रवास. गावी जाताना कोकणातली कादंबरी नेऊ नये. एकदा ‘गारंबीचा बापू’ नेली होती, तर प्रत्येक स्टेशनवर चढणाऱ्या माणसात मी बापूच शोधत बसले. त्यापेक्षा ‘रणांगण’मधली बेडेकरांची बोट बरी. युरोप सोडून निघालेले ज्यू, त्यांच्यातली हेर्टा, आणि घरी परतणारा चक्रधर. १९३९ ची, युद्ध पेटलं त्याच वर्षीची कादंबरी. मला अजून ती एका बैठकीत पूर्ण करता येत नाही, लहान असूनही. मधे खिडकीबाहेर बघावं लागतं.

दुपारी जेवून भाची ‘बनगरवाडी’ घेऊन पंख्याखाली गार लादीवर पालथी पडली होती, हनुवटीखाली उशी घेऊन. तासभर हूं नाही की चूं नाही. मग एकदम म्हणाली, “मावशी, ती तालीम बांधून होते का गं?”

“वाच पुढे.”

पुन्हा शांतता. चारच्या सुमाराला पुस्तक छातीशी धरूनच स्वयंपाकघरात आली. “माझ्या मैत्रिणीला देऊ मी हे? तिने वाचलंच पाहिजे.”

“अगं, लायब्ररीचं आहे ते!” मी चहा सोडून ओरडले.