ठिबकचा फ्लो: ९ हे ३० पेक्षा मोठं कसं ठरलं

यावलच्या केळीबागेतला ठिबकचा नोड-रेडचा फ्लो (नोड-रेड म्हणजे ठोकळे, म्हणजेच नोड, जोडून आपोआप चालणारी कामं लावायचं सॉफ्टवेअर) परत मार्गी लागलाय. ओलावा ३० टक्क्यांखाली गेला की व्हॉल्व्ह उघडायचा, एवढंच त्याचं काम. हिवाळाभर बिनचूक केलं. मे महिन्यात एका पट्ट्यातला ओलावा ९ वर आला, तरी व्हॉल्व्ह बंदच!

सेन्सरचं रीडिंग एमक्यूटीटीवरून (उपकरणांचे मेसेज पोचवायची पद्धत) स्ट्रिंग म्हणून येतं, म्हणजे आकडा नाही, नुसता मजकूर. ३० ची मर्यादा नाना टेलिग्रामवरून पाठवतात, तीही स्ट्रिंगच. दोन्हीकडे स्ट्रिंग असली की जावास्क्रिप्ट (नोड-रेडमधला कोड हिच्यातच लिहितात) किंमत बघत नाही, डावीकडून एकेक अक्षर ताडते. ९ समोर ३, म्हणून ९ मोठा. २५ आणि ३० मध्ये हेच उत्तर बरोबर येतं, म्हणून रीडिंग दोन अंकी होतं तोवर कुणाला शंकाही आली नाही. भर उन्हाळ्यात केळीला पाण्याचा ताण बसतो, त्यामुळे ही गडबड मला फार गंभीर वाटते. एका बाजूला जरी खरा नंबर असता, तरी दुसरी बाजू आपोआप बदलली असती.

आता इनपुट आत येताच फंक्शन नोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या ठोकळ्यात, त्याचा नंबर करून घेतो. पण रिकामा मेसेज आला तर 'नंबर' फंक्शन त्याचा सरळ शून्य करतं, आणि शून्य म्हणजे कोरडी जमीन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. म्हणून रिकामं आहे का, हे आधी तपासायचं.

नानांचा कीबोर्ड मराठी. मराठी अंकांतलं ३५ जावास्क्रिप्टला कळत नाही, 'नॅन' मिळतं, म्हणजे 'हा नंबर नाही'. नॅन कशाहून लहान नाही आणि मोठंही नाही, त्यामुळे फ्लो गपचूप थांबतो. पायथन या दुसऱ्या भाषेतलं 'इंट' फंक्शन हेच अंक विनातक्रार घेतं. इथे मात्र प्रत्येक मराठी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकात प्रत्येक अक्षराला असलेला क्रमांक) मराठी शून्याचा क्रमांक, २४०६, वजा करून घेतला.

एवढं करूनही ज्याचा नंबर होत नाही ते फंक्शन नोडच्या दुसऱ्या आउटपुटवर जातं, नानांना उलट मेसेज येतो आणि जुनी मर्यादा कायम राहते. अंदाजानं काही भरायचं नाही, यावर मी ठाम आहे.

'फॉल्स' (खोटं) असा मजकूर असला तरी जावास्क्रिप्टमध्ये तो 'ट्रू' (खरं) धरला जातो, तेही बघून ठेवा.

राहिलंय ते वेळेचं. नाना लिहितात 'दीड तास सोड'. 'दीड' हा शब्द तर नंबर होतच नाही, आणि मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या 'पार्सइंट' फंक्शननं १.५ चाही १ होतो. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोनसाठी तक्ता करायला घेतलाय. कुणी आधी केला असेल तर दाखवा भाऊ.