आज काय विशेष?

शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर वरच्या बाजूला वार आणि दिनांक, कडेला पट व उपस्थिती, मध्ये सुविचार आणि त्याच्या खाली दिनविशेष, ही मांडणी सांगली-साताऱ्याकडच्या कोणत्याही मराठी शाळेत गेलो तरी बहुधा सारखीच आढळते. उपस्थितीचा आकडा साहेब तपासणीला आले म्हणजेच महत्त्वाचा ठरतो, सुविचार पुसायचा राहिला तरी कोणाची तक्रार नसते. दिनविशेष मात्र परिपाठाच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर उभे राहून म्हणावा लागतो. त्यात अमक्यांची जयंती आणि तमक्यांची पुण्यतिथी याखेरीज फारसे काही नसल्यामुळे समोर बसलेली मुले तेवढा वेळ पायातल्या बुटांचे बंद सोडण्यात आणि बांधण्यात घालवतात.

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणारी सहावीतली मुलगी या प्रकाराला कंटाळलेली आहे. तिची पाळी असली की आदल्या संध्याकाळी ती आमच्या दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, "आजोबा, उद्याचं काहीतरी वेगळं सांगा की. जयंती नको." मी सेवानिवृत्त माणूस असल्यामुळे हा पुरवठा विभाग आनंदाने चालवतो. तो चालवता चालवता माझे एक मत बनत गेले आहे. तारीख कितीही विचित्र असो, ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या एखाद्या वस्तूला ती चिकटली तरच लक्षात राहते, नाहीतर दुपारच्या सुट्टीपर्यंत विरून जाते.

चिकटण्याच्या बाबतीत १५ जानेवारीचा हात कोणी धरू शकणार नाही. १९१९ साली त्या दिवशी भर दुपारी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मळीची, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या दाट पाकाची, एक प्रचंड टाकी फुटली. टाकी सुमारे पन्नास फूट उंच होती आणि तिच्यात जवळजवळ तेवीस लाख गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने ८७ लाख लिटरच्या आसपास मळी होती. पंचवीस फूट उंचीची काळी लाट ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने रस्त्यावर धावून आली, घरे पायापासून सरकली, घोडे जागच्या जागी रुतले, २१ माणसे गेली आणि दीडशेच्या आसपास जखमी झाली. मळीत बुडून मरण येऊ शकते हे वाचून मुंबई-पुण्याचा वाचक हसेल, पण आमच्या भागातले पोर हसत नाही. जानेवारीत इथे गाळप हंगाम ऐन भरात असतो. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले असतात, कारखान्याच्या बाजूने वारा सुटला की तो आंबूस-गोड, नाकात बसणारा वास घरात शिरतो, आणि मळीचा टँकर गळका निघाला तर डांबरावर उमटलेल्या काळ्या रेघेवरून मोटारसायकल कशी घसरते हे सहावीच्या मुलांनाही ठाऊक असते.

त्या टाकीची पुढची हकिगत तर आमच्याकडे कोणत्याही चावडीवर रंगली असती. टाकी पहिल्यापासूनच पाझरत होती. आजूबाजूच्या गरिबांची मुले डबे घेऊन यायची आणि पाझरलेली मळी घरी न्यायची, जशी आमच्याकडची मुले गुऱ्हाळावर काकवीसाठी तांब्या घेऊन उभी राहतात. गळती लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागली तेव्हा कंपनीने टाकी दुरुस्त करण्याऐवजी तिला तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसायला नकोत. टाकी फुटल्यावर हेच मालक न्यायालयात सांगू लागले की हे अराजकवाद्यांनी लावलेल्या बाँबचे काम आहे. खटला अनेक वर्षे चालला, अभियंत्यांच्या साक्षी झाल्या, पत्रा गरजेपेक्षा पातळ वापरल्याचे निष्पन्न झाले आणि अखेर कंपनीला भरपाई द्यावी लागली. बांधकामावर रंग चढवून दोष झाकण्याची विद्या आपल्याकडेच उपजली, असा ज्यांचा समज असेल त्यांनी ही तारीख वहीत टिपून ठेवावी.

त्याच १५ जानेवारीला, पण १९२६ साली, कराडजवळच्या गोळेश्वर या गावात खाशाबा जाधवांचा जन्म झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत त्यांनी मिळवलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि म्हणून महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. मळीचा आणि मल्लाचा परस्परांशी काहीही संबंध नाही, आणि संबंध नसतानाही एका चौकटीत शेजारी राहावे लागणे हीच तर कॅलेंडरची गंमत आहे. त्या चौकटीत कधी संक्रांतही येऊन बसते. आमच्या लहानपणी संक्रांत म्हणजे १४ जानेवारी हे ठरलेले होते. आता एखाद्या वर्षी ती १५ ला येते, कारण आपले पंचांगाचे सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे आणि ती वीस-वीस मिनिटे साचून सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस भरतो. तिळगुळाचा सण आणि मळीचा पूर इतके जवळ आलेले पाहून शेजारच्या मुलीने परिपाठात दोन्ही एका दमात सांगितले, आणि त्या दिवशी म्हणे कोणी बुटाच्या बंदांना हात लावला नाही.

हे जगभरचे विचित्र दिवस ठरवतो कोण, असा प्रश्न तिने एकदा विचारला. याचे खरे उत्तर, ज्याला हौस असेल तो, असे आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाच्या गावी एका वृत्तपत्राचा ग्रंथपाल असलेल्या विल्यम चेस याने आपल्या भावाच्या मदतीने १९५७ साली अशा दिवसांची एक जंत्री छापली. ती पुढे वर्षानुवर्षे निघत राहिली आणि तिच्यात आपला दिवस घुसवण्यासाठी लोक धडपडू लागले. काही दिवसांच्या मागे दुकानदार असतात, काहींच्या मागे दोन रिकामटेकडे मित्र असतात. १९ सप्टेंबर हा समुद्री चाच्यांच्या थाटात बोलण्याचा दिवस अमेरिकेतल्या अशाच दोन मित्रांच्या डोक्यातून निघाला. संयुक्त राष्ट्रसंघही या कामात मागे नाही. २१ मे हा चहाचा आंतरराष्ट्रीय दिवस त्याने २०१९ साली जाहीर केला. चहा पिकवणाऱ्या देशांतल्या संघटना त्याआधीपासून १५ डिसेंबरला तो पाळत होत्याच. सांगलीत मे महिन्याच्या उन्हातही टपरीवर कटिंगची मागणी कमी होत नाही, त्यामुळे या दिवशी आम्ही वेगळे नेमके काय करावे हे राष्ट्रसंघालाच विचारावे लागेल. चहाची आठवण करून देणारा दिवस हा माझ्या मते वाया घालवलेला दिवस आहे.

उलट, ज्या दिवशी मुले हमखास खिदळतात तो १९ नोव्हेंबरचा जागतिक शौचालय दिन मला फार विचारपूर्वक निवडलेला वाटतो. सिंगापूरचे जॅक सिम यांनी २००१ साली या विषयासाठी जागतिक संघटना उभी केली आणि तिच्या स्थापनेचा दिवसच पुढे २०१३ साली राष्ट्रसंघाने मान्य केला. लोक आधी हसतील आणि मग ऐकतील, हा त्यांचा हिशेब होता. मला तो पटतो, याचे कारण घरचे आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि हागणदारी हा शब्द ग्रामसभेच्या इतिवृत्तात उघडपणे लिहिला जाऊ लागला. सुरुवातीला त्या शब्दावर लोक पदराआड हसत. मग गावागावांत चढाओढ लागली.

आता १४ मार्चची गोष्ट. अमेरिकेत महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात, त्यामुळे त्यांच्या लेखी तो दिवस ३.१४ होतो, आणि १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विज्ञान संग्रहालयातले लॅरी शॉ यांनी तो पायदिन, म्हणजे वर्तुळाच्या गणितातल्या पाय (π) या संख्येचा दिवस, म्हणून साजरा करायला सुरुवात केली. आईन्स्टाईन यांचा जन्म याच तारखेचा आणि स्टीफन हॉकिंग यांचा मृत्यूही याच तारखेचा, हा योग पाहून मुलांना ती तारीख लगेच पाठ होते. पण आपण तारीख आधी लिहितो. आपल्या वहीत १४ मार्च हा १४/३ होतो आणि त्यातून पाय काढायचा तर तोंडाला फेस येईल. आपल्या पद्धतीने लिहिल्यावर पायला शोभणारी तारीख एकच, २२ जुलै, म्हणजे २२/७. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढताना मराठी शाळेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी जी किंमत घेतली ती हीच, आणि ३.१४ पेक्षा २२/७ ही पायच्या खऱ्या किमतीला अधिक जवळ आहे, हे भागाकार करून कोणीही पडताळू शकतो. त्या मुलीने फळ्यावर भागाकार मांडून दाखवला. या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत असे म्हणायला हरकत नाही.

विचित्र दिवस शोधायला तेवढ्यासाठी परदेशी जाण्याची गरज आहे का, असे मला पंचांग चाळताना नेहमी वाटते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हलगी वाजत असते, शिंग फुंकले जाते, एखादी आवेशात ओढ्यात उतरू पाहते आणि तिला आवरायला पोलीस असतात. याला बोरीचा बार म्हणतात. चाच्यांसारखे बोलण्याच्या दिवसाला जगभर प्रसिद्धी मिळाली. बोरीच्या बायका त्या चाच्यांना ओढ्याच्या पहिल्याच काठावर गार करतील, याबद्दल मला शंका नाही. बेंदराचेही तसेच. कॅलेंडरात कर्नाटकी बेंदूर आणि महाराष्ट्रीय बेंदूर असे दोन वेगळे दिवस छापलेले असतात आणि सीमेलगतच्या आमच्या जिल्ह्यात दोन्ही पाळणारी गावे आहेत. बैलांची खांदेमळणी, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी. ज्यांच्या गोठ्यात आता बैल उरला नाही ते कुंभाराकडून मातीची जोडी आणतात, आणि काही जण दारातल्या ट्रॅक्टरला हार घालतात. या दिवशी हाताला काहीतरी काम असते. संदेश पुढे पाठवण्याखेरीज ज्या दिवशी काहीच करायचे नसते, त्या दिवसाचे आयुष्य तेवढेच असते.

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांनी राज्याला दिलेले दोन दिवस मात्र एका गमतीदार अडचणीत सापडले आहेत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या दरबारात सीतास्वयंवर नाटकाचा प्रयोग केला, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले, म्हणून ७ नोव्हेंबर हा २०१७ पासून विद्यार्थी दिवस. दोन्ही तारखा इतक्या तोलामोलाच्या, पण त्या येतात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि बऱ्याच वर्षी तेव्हा दिवाळीची सुट्टी असते. विद्यार्थी दिवसाला शाळेत विद्यार्थी नाहीत, फळ्यावर सहामाहीच्या शेवटच्या दिवसाची तारीख तशीच, आणि दिनविशेषाच्या जागी कोणीतरी जाता जाता लिहिलेले "शुभ दीपावली".

दिनविशेषानंतर परिपाठात सामान्यज्ञानाचा प्रश्न असतो, आणि तो निवडण्यात मी अधिक चोखंदळ आहे. जगात सर्वात उंच काय, सर्वात लांब काय, हे प्रश्न मला आवडत नाहीत, कारण ते माहीत असतात किंवा नसतात. त्यात डोके लावायला वाव नाही. माझ्या आवडीचा प्रश्न असा: माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, तर तारखेनुसार त्यांचा पहिला वाढदिवस कितव्या वर्षी आला? सगळा वर्ग चार म्हणतो. उत्तर आठ आहे, कारण १९०० साल चारने भागले जात असले तरी ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हते. आणि याच जातीचा दुसरा प्रश्न मी मोठ्यांसाठी राखून ठेवला आहे. पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार असलेला महिना ८२३ वर्षांनी एकदा येतो, हा संदेश पुढे पाठवला नाही तर लक्ष्मी रुसते, असे दर काही महिन्यांनी फोनवर येते. एकतीस दिवसांच्या कोणत्याही महिन्यातले पहिले तीन वार पाच-पाच वेळा येणारच. महिना शुक्रवारी सुरू झाला की झाले, आणि असे बहुतेक वर्षी एकदा तरी घडते. भिंतीवरचे कॅलेंडर उलटून पाहायला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ तो संदेश वाचायला लागतो.

सध्या त्या मुलीला मी दिलेला ताजा प्रश्न आहे, ३० फेब्रुवारी कधी आणि कुठे होऊन गेला? १७०० साली स्वीडनने जुन्या कालगणनेतून नव्या कालगणनेत हळूहळू, लीप दिवस गाळत गाळत जायचे ठरवले. त्या वर्षीचा दिवस गाळला, पण पुढे लढाईच्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ चे गाळायचे राहून गेले. सारा देश ना जुन्याशी जुळत होता ना नव्याशी. शेवटी राजाने कंटाळून जुनीच पद्धत परत आणली आणि हिशेब बसवण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला तिसावा दिवस जोडून दिला. परिपाठात हे सांगितल्यावर बाईंनी विचारले की त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचा वाढदिवस कधी आला असेल, आणि मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, त्याच्या आईबापानं पुढच्या वर्षी चॉकलेटं वाटायचा खर्च वाचवला असंल."