मासेवाली, नोंद ७: दोष डोक्याचा नव्हताच

सापडलं! बुधवारी रात्री साडेअकराला. मासेवाली, म्हणजे आत माणूस शिरून मिरवणुकीत नाचवतो तो आमचा महाकाय पुतळा, पुढे कलते ती हातातल्या टोपलीमुळे.

तालमीतलं रडगाणं तुम्हाला माहीतच आहे. ग्राल्या (कॅटलान सनई) वाजू लागली की पहिली गिरकी झकास, तिसरीला आमची जेगान्ता (कॅटलानमध्ये राक्षसीण, म्हणजे हीच मासेवाली) नाकावर जाऊ बघते आणि आत शिरलेल्याची कंबर धरते. सगळ्यांनी डोक्याला धारेवर धरलं, मीही. दोन आठवडे आतून कागदाचे थर खरवडून आठशे ग्रॅम उतरवले. फरक काडीचा नाही.

शेवटी झगा उतरवला, घरातले दोन वजनकाटे आणले. सांगाड्याचे पुढचे पाय एकावर, मागचे दुसऱ्यावर. पुढे १६.४ किलो, मागे १३.६. टोपली काढली, तर दोन्हीकडे १४.३! डोकं मध्यरेषेवरच होतं, ते हलकं करून काय होणार? टोपली दीड किलोचीसुद्धा नाही, पण मध्यापासून ६० सेंटीमीटर पुढे. तेवढ्याने अख्खा तोल २.८ सेंटीमीटर पुढे गेला.

फ्रान्समधल्या दुएच्या गायाँचं, तिथल्या मिरवणुकीतल्या महाकाय पुतळ्याचं, वेगळं. साडेआठ मीटर उंची, पण आत सहा जण. किलोभर इकडेतिकडे झालं तरी निभावतं. आपल्याकडे एकाच माणसाचे दोन खांदे. पण स्पेनमधल्या पाम्प्लोनाचे, आमोरेना या कारागिराने घडवलेले आठ महाकाय राजा-राणीही एकेका माणसाच्या खांद्यावर १८६० पासून तसेच नाचतात, मग आपल्यालाही जमायलाच हवं.

उपाय सोपा: खांद्यावरची गादीची पट्टी तीन सेंटीमीटर पुढे घ्यायची. म्हणजे नळ्यांना नवी भोकं. या नळ्या २५ मिलिमीटरच्या मागवल्या होत्या, दुकानदाराने २२ च्या पाठवल्या, आणि सगळे सांधे मी रबर गुंडाळून बसवलेत. नळी हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

थांबा. लिहिता लिहिता सुचलं: टोपली पुढे धरायचीच कशाला? कडेवर घेऊ दे की! कोळणी कुठे हात लांब करून पाटी धरतात? मग तोल फक्त बाजूला जाईल, दीडेक सेंटीमीटर, आणि डाव्या मोकळ्या हातात भुसा जास्त भरला की तोही सावरेल. गिरकीत तो हात उघडेलही छान. मग भोकं नकोतच.

टोपलीतल्या तारल्या मात्र जशाच्या तशा राहणार. पाठीवरची निळी-काळी झाक चौथ्या हाताला जमली. दिव्याखाली ओल्या दिसतात.

उद्या मासेवालीचं उजवं मनगट कापतोय.