तिसऱ्या रांगेतली सीट

कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून मला 22 वर्षं झाली. बंद पडलेल्या गाडीचं मला काही वाटत नाही, वैताग आणतात त्या चैनीच्या वस्तू. सनरूफ, बटणावर उघडणारी डिकी, मोटरवर दुमडणाऱ्या सीटा.

ही 2012 ची सात सीटांची एसयूव्ही. तिसऱ्या रांगेतली डावी सीट निम्म्यात अडकलेली, धड बसता येईना की सामान ठेवता येईना. मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. आधीच्या गॅरेजवाल्यानं मोटरसकट अख्खी असेंब्ली बदला म्हणून सांगितलेलं. चाळीस हजार. हल्ली दुरुस्ती कुणाला नकोच असते, स्कॅनर लावायचा आणि पार्टची किंमत सांगायची.

स्विच दाबला की रिले टक् वाजायचा, मोटर जराशी कण्हायची आणि गप्प. साइडचं ट्रिम उतरवलं, मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सुटा करून मीटर लावला. 12.3 व्होल्ट. सप्लाय तर येतोय, मग मोटरच जाम असणार, असं धरून मी बॅटरीवरून डायरेक्ट दिला. मोटर मस्त फिरली, सीट उठायला लागली. तिथंच हात काढायला हवा होता.

स्विचवरून चालवली की मोड्यूल, म्हणजे सीटचा कंट्रोल बॉक्स, मोटरचे फेरे मोजतं आणि जोर वाढला की सप्लाय तोडतं. डायरेक्टला तसला काही लगाम नाही. तेवढ्यात एकजण हॉर्नचा भाव विचारायला आला, माझी मान वळली. सीट धरून उभा असलेला माझ्या हाताखालचा पोरगा "मामा, मामा" म्हणेपर्यंत कट् असा आवाज झाला. आतल्या नायलॉनच्या गिअरचे तीन दात गेले.

मग सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. मीटर स्वतः करंट जवळजवळ खातच नाही, त्यामुळं वाटेत कुठं निम्मं गंजलेलं असलं तरी तो बारा दाखवतो. कपलरला 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडला, तर पणतीसारखा मिणमिणला आणि मीटर उतरला पाचावर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मोटरच्या काळ्या वायरला लावलं. सात व्होल्ट तिथंच मुरत होते. अर्थिंग गेलेलं, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडं परत जायची वाटच खराब.

चाकाच्या कमानीजवळचं कार्पेट उचललं तर माशांचा वास. साहेब रत्नागिरीहून थर्माकोलच्या पेटीत मासे आणतात. आंबा घाटाच्या वळणांवर बर्फाचं खारं पाणी हिंदकळतं आणि कार्पेटखाली जाऊन बसतं. अर्थिंगचा बोल्ट गंजून फुगलेला, वायरच्या टोकाची लग, म्हणजे बोल्टात अडकवायची कडी, हिरवी पडून बोटानं चुरत होती. पत्रा घासून पांढरा केला, नवी लग दाबली, वरून ग्रीस. पंधरा मिनिटांचं काम.

गिअर उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीनं डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकच्या सळीतून कापून दिला. उरलेल्या दातांवरून तिरका कोन काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हातात ठेवला. मूळच्यापेक्षा सरस. 900 रुपये. बसवला, स्विच शेवटपर्यंत दाबून धरत सीट दोनदा पूर्ण खाली-वर केली, मोड्यूलला आपली हद्द परत कळली.

साहेबांच्या हातात मी गंजका बोल्ट दिला, माशांचं सांगितलं. ते हसले. मग बिल बघून म्हणाले, "आणि हा गिअर?"

"तुटला होता."

"मी तोडला" असं काही म्हणालो नाही. मागं ट्रिमच्या क्लिपा दाबणाऱ्या पोराचा हात थांबला. साहेबांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही, वर पोराला पन्नास रुपये दिले.

चाळीस हजार वाचवले की त्यांचे, असं घरी जाताना स्वतःला सांगून बघितलं. पण तेवढे 900 बिलातून गाळता आले असते.

परवा पोरानं एका गाडीचा डॅशबोर्ड खोलताना एसीची जाळी मोडली. विचारलं तर म्हणाला, "मामा, आधीच तुटली होती."

मी फेविक्विक काढून दिलं.