आधी पाचोळा, मग रोपं

बाग करायची ठरली की बहुतेक जण पहिल्याच रविवारी नर्सरी गाठतात. गुलाब, मोगरा, जास्वंद, चार कुंड्या आणि लाल मातीची दोन पोती घरी येतात. दीड-दोन महिन्यांत गुलाब वाळतो, कुंडीतली माती दगडासारखी होते आणि ‘आमच्याकडे झाडं जगतच नाहीत’ हा समज घरात कायमचा बसतो. रोप बिचारं चांगलंच असतं. त्याला मिळालेल्या मातीत जीव नसतो. म्हणून रिकाम्या गच्चीवर बाग उभी करायची असेल तर रोपं सगळ्यात शेवटी आणावीत, असं माझं ठाम मत आहे. बागेचा अर्धा आनंद पहिलं पान उगवण्याआधीच मिळतो आणि आयत्या कुंड्या आणणारे त्यालाच मुकतात.

कामाला लागायची खरी वेळ फेब्रुवारी-मार्च. पानगळ तेव्हाच होते आणि त्या पाचोळ्याचं खत करून माती तयार व्हायला मृगापर्यंत तीन महिने हातात राहतात.

पण पाचोळा वर चढवण्याआधी गच्चीची ताकद बघायची. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला 1600 ते 1900 किलो भरतं. म्हणजे फूटभर जाडीचा मातीचा थर दिला तर चौरस मीटरला 500 किलोंच्या आसपास भार येतो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 150 किलो जादा भार धरून बांधलेला असतो. शेतातली माती गच्चीवर का नको, ते या दोन आकड्यांत आलं. पालापाचोळ्याचं खत मुख्य धरून केलेलं मिश्रण त्याच्या निम्म्याच्या आसपास वजनाचं असतं, तरीही सगळी गच्ची भरायची नाही. वाफे आणि मोठ्या कुंड्या भिंतीलगत, खालच्या बीमच्या रेषेवर ठेवायच्या आणि मधली जागा चालायला मोकळी सोडायची. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीटही चढवू नका.

गळतीची परीक्षा सोपी आहे. पाणी जायच्या तोंडांना चिंध्यांचे बोळे लावा, दोन इंच पाणी 24 तास साठवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. आली तर आधी कोबा दुरुस्त करायचा. कुंड्या चढल्यावर ते काम दुप्पट खर्चाचं होतं. कुंडी थेट फरशीवर कधीच ठेवू नये. खाली विटा देऊन तीन इंच मोकळी जागा ठेवली की झाडता येतं, फरशी वाळते. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट काढा.

ऊन मोजायला खडू पुरतो. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीच्या कडा आखून ठेवायच्या. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. फक्त एक लक्षात ठेवा: पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे राहतो. डिसेंबरात दक्षिणेच्या कठड्याच्या सावलीत गेलेला कोपरा मेमध्ये भाजून निघतो. एकदाच आखून वर्षभराचा हिशोब करू नका.

आता पाचोळा. झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवलं तर त्या आनंदाने पोती भरून देतात, आणि तेवढा पाला जाळला जायचा वाचतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी 10 फूट घेऊन गोल वळवली की तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. तो कॉलमजवळच्या कोपऱ्यात उभा करायचा, कारण ओला ढीग जड असतो. तीन फूट उंचीच्या पिंजऱ्यात दहा-बारा पोती पाला दाबून बसतो. पर्जन्यवृक्ष, करंज, शिरीष यांची पानं लवकर कुजतात. आंबा आणि फणसाची पानं चिवट, ती चुरून घातली तरच वेळेत होतात. निलगिरी आणि बांबूचा पाला या कामाला घेऊ नये.

सहा इंच पाला, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, मग पायाने दाबणं, असे थर देत जायचं. स्वयंपाकघरातला ओला कचरा घालायचा तर तीन घमेली पाल्याला एक घमेलं, आणि वर पुन्हा पाला. शेणकाल्याऐवजी अमृतजल जास्त चांगलं. शेतीत नवे प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांचा विचार पुढे नेणाऱ्या दीपक सचदे यांच्या अमृत मातीच्या पद्धतीतलं हे द्रावण आहे: 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ बारा वेळा एका दिशेने आणि बारा वेळा उलट ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळायचं. गच्चीसाठी सगळं दहाव्या हिश्शाने घ्या: 100 ग्रॅम शेण, 100 मिली गोमूत्र, 5 ग्रॅम गूळ, एक लिटर पाणी. त्याचं शेवटी बादलीभर होतं. मिसळलं की त्याच दिवशी वापरून टाकावं.

ओल किती हवी? मूठभर पाला घट्ट पिळला की एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. दर दहा दिवसांनी ढीग वरखाली करायचा आणि वर गोणपाट टाकून ठेवायचं. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, पाला घाला. कुजका, गटारासारखा वास आला तर पाणी जास्त होऊन हवा कोंडली आहे. ढीग मोकळा करा. महिनाभर काहीच बदल दिसला नाही तर बहुधा तो कोरडा पडलाय किंवा शेण कमी पडलंय. वळवळणाऱ्या करड्या, चपट्या अळ्या दिसल्या तर किळस करू नका आणि औषध तर मुळीच मारू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत, ओला कचरा झपाट्याने संपवतात आणि झाडांना हात लावत नाहीत.

पहिल्या आठवड्यात ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत चांगलीच ऊब असते. आपण नुसता वाळका पाला रचला आणि त्यात काहीतरी जगायला लागलं, हे त्या क्षणी हाताला कळतं. अडीच-तीन महिन्यांत पिंजरा पाऊण रिकामा होतो. खाली उरतं ते काळसर, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास असलेलं खत. बारा पोत्यांचं तीन पोती झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तेवढंच होतं. पण ते ओंजळीत घेतल्यावर जे समाधान मिळतं, ते विकतच्या पिशवीत नाही.

कुंडी भरायचं माप: दोन भाग हे खत, एक भाग माती, अर्धा भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि 12 इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. काळी माती वापरली तर अर्धाच भाग. ती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळते. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीला बुडाशी बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा. त्यांवर नारळाच्या शेंड्या पसरा म्हणजे माती वाहून जात नाही. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, मिरची-वांग्याला फूटभर, लिंबू-कढीपत्त्याला दीड फूट.

नर्सरीतून रोप आणलंच तर एक चूक हमखास होते. पिशवीतला चिकणमातीचा गोळा तसाच हलक्या मिश्रणात बसवला जातो. पाणी घातलं की ते मोकळ्या मिश्रणातून निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. वरून ओलं दिसणारं रोप तहानेने मरतं. त्यामुळे लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात बुडवून मऊ करा आणि बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा.

जूनमध्ये पहिला मान भेंडी, गवार, चवळी आणि वेलभाज्यांचा. पालेभाज्यांत लाल माठ, अंबाडी, अळू पावसाला तोंड देतात. मेथी आणि कोथिंबीर भर पावसात सडतात, त्यांना आडोसा द्या किंवा दसऱ्यानंतर लावा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या. अख्खे टाकले तर उगवण विरळ होते. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघायचा मोह आवरा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल गेलं की पुरे.

वेलींवर सुरुवातीला नुसती नरफुलं येऊन गळतात आणि लोक घाबरतात. थांबा. मादीफूल नंतर येतं, त्याच्या देठाशी इवलंसं फळ आधीच असतं. उंच इमारतींवर मधमाश्या कमी पोचतात, तिथे परागीभवन हाताने करावं लागतं. नरफुल खुडून त्याचा केसर मादीफुलाच्या मध्यावर टेकवायचा. कारलं, काकडी आणि लाल भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी. वेळ चुकली तर फळ पिवळं पडून गळतं. जमलं, तर दोन-तीन दिवसांत बोटाएवढा दोडका फुगायला लागतो, आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्याला बघायला गच्चीवर जाणं आपोआप सुरू होतं.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा. गोड चिकट्यासाठी मुंग्याच त्यांना राखतात. एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 2 मिली द्रवसाबण घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. लिंबाच्या पानावर मात्र पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर फवारणी लांब ठेवा. ती फुलपाखराची अळी आहे. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉर्मॉनही लिंबूवर्गातल्या झाडांवरच अंडी घालतं. लिंबाची दहा पानं त्याला द्यायला काय हरकत आहे?

झेंडूचं गणित दसऱ्यावरून उलटं मोजायचं. अडीच महिने आधी बी टाकायचं, तीन-चार आठवड्यांनी रोपं हलवायची आणि वीतभर झाली की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटून फुलं वाढतात. शेंडा खुडताना हात धजावत नाही, तरी खुडाच. तोरण उतरवलं की फुलं सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. संकरित वाणाचं बी असेल तर पुढच्या वर्षी रंग आणि आकार थोडे वेगळे निघतील, काही फुलं एकेरी पाकळ्यांचीही. अशा फुलांवर मधमाश्या जास्त येतात, म्हणून चार रोपं दोडक्याच्या मांडवाशेजारी लावा.