पासाच्या खिडकीवरचे दोन दिवस

मुंबईत मरोळला नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी मला गर्दीची भीती घातली. गर्दी आठवडाभरात अंगवळणी पडली. कल्याणच्या पुढून फास्ट लोकल, घाटकोपरला पूल चढून मेट्रो, की मरोळ नाका. २०१४ साली मेट्रो सुरू होण्याआधी माझी आत्या याच भागात दादरला गाडी बदलून, अंधेरीहून बसने जायची. तिच्या मानाने मी सुखी.

मला रडवलं ते पासाच्या खिडकीने.

लोकलचा तिमाही पास काढायचा होता. त्याला मासिक पासाच्या २.७ पटच पैसे पडतात, आणि रांगेत वर्षातून चारदाच उभं राहायचं. सकाळी साडेसातला गेले. पुढे अकरा जण. आठ वाजता माझ्यापुढे एक आजोबा उरले आणि खिडकी बंद झाली. ड्युटी बदलत होती. आतले गृहस्थ शांतपणे नोटा मोजत होते आणि माझ्यामागे रांग जिन्यापर्यंत गेली होती. वीस मिनिटं! माझी फास्ट डोळ्यांदेखत निघून गेली. नंबर लागला तर नवे साहेब म्हणाले, "आधारची झेरॉक्स?" मूळ कार्ड माझ्या हातात होतं. ते चालेना. झेरॉक्स लागते असं खिडकीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि बाहेरचं झेरॉक्सचं दुकान दहाला उघडतं. शेवटी साधं तिकीट काढून गेले. नव्या नोकरीत दुसऱ्याच आठवड्यात हाफ डे लागला.

दुसऱ्या दिवशी दोन झेरॉक्स घेऊन गेले. खिडकीवर वेगळेच गृहस्थ. त्यांनी झेरॉक्सकडे पाहिलंही नाही. कार्डावरून नंबर घेतला आणि दोन मिनिटांत पास हातात दिला. तेव्हा मला आनंद झाला नाही, आदल्या दिवसाचा संतापच उसळून आला. एक कागद चिकटवायला काय लागतं?

तुम्ही जाणार असाल तर दुपारी जा, आणि झेरॉक्स असू द्याच. पासाबरोबर ज्याचा नंबर दिलाय ते ओळखपत्र रोज जवळ हवं, नाहीतर टीसीपुढे पास असून नसल्यासारखा. पुढचा पास मी फोनवरच काढला, रात्री अकरा वाजता, घरात बसून. फक्त तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, तेव्हा जुना संपायच्या आत काढा. आणि स्क्रीनशॉट चालत नाही, पास अ‍ॅपमध्येच उघडून दाखवावा लागतो. फोनची बॅटरी जपा.

हो, घाटकोपरला पुलासमोर कुठला डबा येतो ते पहिल्याच दिवशी हेरून ठेवा.